पंचांग पाहून फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर

सांगलीत पावसाळ्याच्या दिवसांत सकाळी उठल्याबरोबर पहिला प्रश्न असतो तो आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी किती फुटांवर आले याचा. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे तिथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील जुन्या बंदरगावांतही असाच एक आकडा रोज पाहिला जातो. त्याला भरतीचा गुणांक म्हणतात, तो २० पासून १२० पर्यंत असतो, आणि मासेमारीपासून किल्ल्याच्या दरवाजापर्यंत अनेक गोष्टींच्या वेळा त्याच्यावरून ठरतात. नॉर्मंडी आणि ब्रिटनी या दोन प्रांतांची सहल आखताना बहुतेक जण विमान, रेल्वे आणि हॉटेल या क्रमाने जातात आणि समुद्र जसा भेटेल तसा पाहतात. माझा सल्ला नेमका उलट आहे: आधी समुद्राची वेळ पाहावी, तिच्यावरून तारखा ठरवाव्यात आणि मगच बाकीची आरक्षणे करावीत.

मी साताऱ्याचा, म्हणजे घाटावरचा माणूस. भरती-ओहोटीशी आमचा संबंध सुटीत गणपतीपुळ्याला किंवा गुहागरला गेल्यावर येतो तेवढाच. पहिल्या खेपेला मी मों-सँ-मिशेल या बेटाच्या पायथ्याशी पोचलो तो दिवस दशमीचा होता, हे मला घरी परतल्यावर दिनदर्शिका चाळताना कळले. चित्रात पाहिलेला मठ समोर उभा होता, पण त्याच्याभोवती समुद्राचा थेंबही नव्हता. नजर जाईल तिथवर करडा, ओला गाळ पसरला होता आणि संध्याकाळपर्यंत थांबूनही पाणी आले नाही. दुसऱ्या खेपेला तारखा तिथी पाहून ठरवल्या आणि त्याच जागी उभे राहून मी क्षितिजावरची एक पांढरी रेघ तासाभरात तटबंदीला येऊन भिडताना पाहिली. या दोन दिवसांतला फरक वाचकाच्या वाट्याला पहिल्याच प्रवासात यावा, म्हणून हे टिपण लिहीत आहे.

तिथी आणि भरती

कोकणातील कोळी मोठ्या भरतीच्या दिवसांना उधाण म्हणतात आणि लहान भरतीच्या दिवसांना भांग म्हणतात. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाण येते. अष्टमीच्या आसपास ही ओढ काटकोनात विभागली जाते आणि भांग लागतो. फ्रान्सच्या या किनाऱ्यावर नियम हाच आहे, फक्त अटलांटिक महासागरातून येणाऱ्या लाटेला तिथवर पोचायला वेळ लागत असल्यामुळे सर्वांत मोठी भरती अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या साधारण दीड दिवस नंतर येते. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर प्रतिपदा-द्वितीया हे उधाणाचे दिवस आणि नवमी-दशमी हे भांगाचे.

फरक आहे तो मापात. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार-पाच मीटरचे अंतर पडते, आणि खाली कोकणात ते त्याहून कमी असते. मों-सँ-मिशेलच्या उपसागरात हेच अंतर मोठ्या उधाणाला १४ मीटरच्या आसपास जाते, म्हणजे चार मजली इमारत दिवसातून दोनदा बुडते आणि दोनदा उघडी पडते असे समजावे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधली खाडी पूर्वेकडे अरुंद आणि उथळ होत जाते, आणि कोतांतें नावाचा द्वीपकल्पाचा सुळका उत्तरेकडे पुढे आलेला असल्यामुळे आत शिरलेले पाणी त्याच्या कुशीत अडते व वर चढते.

वर्षातील सर्वांत मोठी उधाणे दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धाच्या आगेमागे येतात. मराठी घरात हे लक्षात ठेवणे अगदी सोपे आहे, कारण होळी पौर्णिमा, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसाची अमावास्या आणि सर्वपित्री अमावास्या याच काळात येतात; या तिन्ही तिथींनंतरचे दोन-तीन दिवस या प्रवासासाठी उत्तम. अर्थात चंद्र त्या दिवशी पृथ्वीपासून किती दूर आहे यावरही भरतीची उंची अवलंबून असते, त्यामुळे तिथीवरून आठवडा निवडावा आणि नेमका दिवस गुणांकावरून पक्का करावा. गुणांक ७० च्या आसपास असेल तर तो सरासरी दिवस, ९० च्या पुढे असेल तर पाहण्याजोगे उधाण, आणि ११० च्या पुढे गेला तर मों-सँ-मिशेल काही काळ खरोखर बेट होते. हे कोष्टक वर्षभर आधी उपलब्ध असते, आणि गावात पोचल्यावर पर्यटन कार्यालयातही मिळते.

कोष्टक वाचताना दोन चुका टाळाव्यात. पहिली म्हणजे त्यातील ‘पीएम’ ही अक्षरे दुपारनंतरची वेळ दाखवत नाहीत. ती ‘प्लेन मेर’, म्हणजे पूर्ण भरती, या शब्दांची आद्याक्षरे आहेत, आणि ‘बीएम’ म्हणजे ‘बास मेर’, अर्थात ओहोटी. दुसरी म्हणजे एका गावाचे कोष्टक दुसऱ्या गावाला लागू होत नाही, कारण ब्रिटनीतील सँ-मालो आणि नॉर्मंडीतील ऑन्फ्लर यांच्या भरतीच्या वेळांत काही तासांचे अंतर असते. सँ-मालोच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत भरती साधारणपणे सकाळी आणि संध्याकाळी येते व ओहोटी दुपारी, हे प्रवाशाच्या फारच सोयीचे आहे; दुपारी समुद्राच्या तळावरून चालावे आणि संध्याकाळी तटावर उभे राहून तोच तळ बुडताना पाहावा.

निघण्यापूर्वी

फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या तारखेआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो, पण मे महिन्याच्या सुटीसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच अर्ज करून मोकळे व्हावे हे बरे. बोटांचे ठसे देण्यासाठी अर्जदाराला स्वतः जावे लागते आणि सातारा-सांगलीकरांना त्यासाठी पुणे जवळ पडते. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे लागते, पासपोर्टमध्ये दोन कोरी पाने लागतात आणि परतीच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने वैध असावा लागतो. व्हिसा हातात पडेपर्यंत रद्द न होणारी कोणतीही खोली घेऊ नये.

गाडी चालवण्याचा विचार असेल तर आपल्या आरटीओ कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि गावांतील लहान चौकात दुसरी खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते, ही सवय अंगवळणी पडायला दोन दिवस जातात. पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए १३ या महामार्गावरचे टोलनाके २०२४ मध्ये काढून टाकण्यात आले. कॅमेरा गाडीच्या नंबरपाटीचा फोटो घेतो आणि टोल ७२ तासांच्या आत इंटरनेटवर आपण होऊन भरायचा असतो. थांबून पैसे द्यायची जागाच दिसत नसल्यामुळे अनेक पाहुण्यांना हे कळत नाही आणि पुढे दंडाची चिठ्ठी येते.

कपड्यांच्या बाबतीत पावसाळ्यातील कासचे पठार डोळ्यांसमोर आणावे. जूनमध्येही दुपारचे तापमान २० अंशांच्या आसपास असते, वारा थांबत नाही आणि पाऊस वर्षातल्या कोणत्याही महिन्यात येतो. छत्री त्या वाऱ्यात टिकत नाही. टोपी असलेले, पाणी अडवणारे जाकीट हवे आणि तळ घट्ट पकडणारे बूट हवेत.

मार्ग आणि मुक्काम

आठ-दहा दिवसांत सबंध किनारा पाहण्याचा हट्ट धरू नये. डंकर्कपासून ब्रेस्टपर्यंत हा किनारा इतका लांब आणि वळणांचा आहे की रोज गाव बदलणाऱ्याला बॅगा उघडण्या-बांधण्यातच दिवस घालवावा लागतो. दहा दिवस असतील तर ऑन्फ्लरला दोन, बायो गावी दोन, मों-सँ-मिशेलला एक आणि सँ-मालोला तीन मुक्काम करावेत आणि उरलेले पॅरिसला ठेवावेत. उधाणाचा दिवस मों-सँ-मिशेल आणि सँ-मालो यांच्या मुक्कामात पडेल अशा रीतीने मागचे दिवस मोजत जावे. प्रवासाची सुरुवात त्यावरून आपोआप ठरते.

रेल्वेने जायचे असेल तर नॉर्मंडीच्या गाड्या पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकावरून सुटतात आणि ब्रिटनीच्या मोंपार्नास स्थानकावरून; शहरात स्थानके अनेक आहेत, म्हणून तिकिटावरचे नाव नीट वाचावे. ल हाव्र आणि बायो ही दोन्ही गावे सव्वादोन तासांच्या आसपास आहेत. सँ-मालोला थेट जलद गाडी मिळाली तर तीही तेवढाच वेळ घेते. ऑन्फ्लरला मात्र रेल्वे नाही. ल हाव्र किंवा दोव्हिलपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे बस घ्यावी लागते. बायोहून पश्चिमेकडे, मों-सँ-मिशेलजवळच्या पाँतोर्सोंला जाणाऱ्या गाड्या दिवसाला मोजक्याच असतात, तेव्हा हा एक टप्पा सर्वांत आधी पक्का करावा. वृद्ध आई-वडील बरोबर असतील किंवा चार जणांचे कुटुंब असेल, तर नॉर्मंडीतील रुआं शहरात गाडी भाड्याने घेऊन ब्रिटनीतील रेन शहरात सोडणे अधिक सोयीचे पडते, कारण मधला ग्रामीण भाग पाहण्यासाठी बसची वाट पाहावी लागत नाही.

त्या ग्रामीण भागासाठी अर्धा दिवस राखून ठेवावाच. नॉर्मंडीत शेताचा बांध म्हणजे मातीचा उंच वरंबा आणि त्यावर दाट वाढवलेली झाडांची ओळ असते. १९४४ च्या लढाईत या कुंपणांनी रणगाडेही अडवले होते. आत सफरचंदाच्या बागा आणि गाई असतात. एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या सुरुवातीस सफरचंदाला फुलोरा येतो, आणि आपल्याकडे शाळांना सुटी असते ती याच वेळी. लाकडी चौकटीत माती-चुन्याने भिंती भरलेली गवताने शाकारलेली घरे सेन नदीच्या मुखाजवळ दिसतात, आणि त्यांच्या आढ्यावर आयरिसची झाडे लावलेली असतात; ती केवळ शोभेसाठी नाहीत, त्यांची मुळे आढ्यावरची माती धरून ठेवतात.

ऑन्फ्लर आणि तिथून

सेन नदी जिथे समुद्राला मिळते तिथे दक्षिण काठावर ऑन्फ्लर आहे. गावाच्या मध्यभागी चौकोनी जुनी गोदी आहे, ती सतराव्या शतकात चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या आज्ञेने बांधली गेली. तिच्या एका काठावर पाटीच्या दगडाने मढवलेली अरुंद आणि उंच घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. गोदीच्या तोंडाशी दरवाजा असल्यामुळे बाहेर ओहोटी असली तरी आत पाणी राहते; त्यामुळे या एका गावात भरतीची चिंता न करता कोणत्याही वेळी जावे, मात्र सकाळी आठच्या आत जावे, कारण नंतर गर्दीमुळे पाण्यातले घरांचे प्रतिबिंब निवांत पाहता येत नाही.

माझ्या मते ऑन्फ्लरची खरी संपत्ती म्हणजे सँत-कातरीन हे चर्च. पंधराव्या शतकात इंग्लंडशी चाललेले शंभर वर्षांचे युद्ध संपल्यावर ते उभारले गेले, आणि ते बांधणारे लोक गवंडी नव्हते, जहाजे बांधणारे सुतार होते. त्यांनी आपल्याला येत होते तेच केले: दोन जहाजांचे सांगाडे उलटे करून शेजारी शेजारी ठेवावेत तसे छप्पर रचले. आत उभे राहून वर पाहिले की तुळया, वासे आणि खाचा मोजता येतात. वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यातील लाकूडकाम ज्याने लक्ष देऊन पाहिले आहे, त्याला इथे तास कसा गेला ते कळणार नाही. घंटाघर चर्चपासून वेगळे, रस्त्यापलीकडे आहे, तेही ओकच्या लाकडाचे.

साम्युएल द शाम्प्लें हा दर्यावर्दी १६०८ मध्ये इथूनच निघाला आणि त्याने कॅनडात क्वेबेक शहर वसवले. चित्रकार युजेन बुदँ १८२४ मध्ये याच गावात जन्मला, आणि तरुण क्लोद मोनेला उघड्यावर बसून आकाश व पाणी रंगवायला त्यानेच शिकवले. बुदँच्या नावाचे संग्रहालय गावात आहे. फ्रान्समध्ये अनेक संग्रहालये मंगळवारी किंवा सोमवारी बंद असतात, हे इथेही आणि पुढेही ध्यानात ठेवावे.

नदीपलीकडे ल हाव्र आहे. मधला नॉर्मंडी पूल १९९५ मध्ये खुला झाला आणि त्याचा मधला गाळा ८५६ मीटरचा आहे. ल हाव्र १९४४ च्या बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाले व ओग्युस्त पेरे या वास्तुकाराने ते काँक्रीटमध्ये पुन्हा उभे केले, त्यासाठी २००५ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जुन्या गावांच्या ओढीने आलेल्या प्रवाशाला ते रुक्ष वाटेल. वेळ कमी असेल तर सोडून द्यावे. किनाऱ्यावरचे एत्रता गाव मात्र सोडू नये. तिथले पांढऱ्या खडूचे कडे समुद्राने कोरून त्यांच्या कमानी केल्या आहेत. त्या कमानींखाली ओहोटीत चालत जाता येते, पण पाणी वळले की परतीची वाट बंद होते, म्हणून ओहोटीची वेळ पाहूनच उतरावे आणि पाणी वळण्याआधी परत यावे. कड्याच्या काठाशी जाऊ नये, तो खालून पोकळ झालेला असतो. किनाऱ्यावरचे गुळगुळीत गोटे उचलून आणण्यास मनाई आहे, कारण लाटांचा जोर तेच गोटे अडवतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे.

बायो आणि युद्धाचा किनारा

बायो समुद्रापासून दहा किलोमीटर आत आहे, परंतु किनाऱ्यावर फिरण्यासाठी मुक्कामाचे गाव म्हणून ते सर्वांत चांगले. इथला अकराव्या शतकातील, जवळजवळ ७० मीटर लांबीचा भरतकामाचा पट जगप्रसिद्ध आहे, १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड कसे जिंकले ते त्यात विणीविणीने सांगितले आहे. मात्र त्याचे संग्रहालय सप्टेंबर २०२५ पासून नूतनीकरणासाठी बंद आहे आणि २०२७ मध्ये ते उघडण्याचे नियोजन आहे, तेव्हा केवळ त्या पटासाठी जाणाऱ्यांनी आधी खात्री करून घ्यावी. गावातील कॅथेड्रल १०७७ चे आहे आणि युद्धातून ते वाचले.

जवळच्या आरोमांश गावी ओहोटीच्याच वेळी जावे. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य या किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांच्या हाती एकही बंदर नव्हते, म्हणून काँक्रीटच्या प्रचंड पेट्या इंग्लंडहून ओढत आणून इथे कृत्रिम बंदर उभारण्यात आले. त्यातील काही पेट्या अजून वाळूत रुतलेल्या आहेत, आणि पाणी उतरल्यावर त्यांच्याजवळ चालत जाऊन त्यांचा आकार प्रत्यक्ष पाहता येतो. कोलव्हिलच्या अमेरिकन दफनभूमीत नऊ हजारांहून अधिक कबरी पश्चिमेकडे तोंड करून रांगेने उभ्या आहेत. तिथे घाईने जाऊ नये.

मों-सँ-मिशेल

आव्रांशचा धर्मगुरू ओबेर याने ७०८ मध्ये या खडकावर पहिले प्रार्थनास्थळ बांधले, ९६६ मध्ये बेनेडिक्टाइन साधू आले आणि तेराव्या शतकात उत्तरेच्या कड्यावर ‘मेर्व्हेय’, म्हणजे आश्चर्य, या नावाने ओळखली जाणारी तीन मजली गॉथिक इमारत उभी राहिली. शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रजांना हे बेट कधीच घेता आले नाही; १४३४ मधील वेढ्यात त्यांनी मागे टाकलेल्या दोन तोफा दरवाजापाशी आजही ठेवलेल्या आहेत. भरतीच्या वेळा ठाऊक नसलेल्या शत्रूला इथे समुद्रच थोपवत असे, जंजिऱ्याप्रमाणे.

वाहने अडीच किलोमीटर अलीकडे थांबवावी लागतात. तिथून मोफत बस आहे, पण जाताना चालतच जावे. पाऊण तासाच्या वाटेवर बेट हळूहळू मोठे होत जाते, ते बसमधून कळत नाही. पूर्वीचा भरावाचा रस्ता पाण्याचा प्रवाह अडवून गाळ साठवत होता, म्हणून तो काढून २०१४ मध्ये खांबांवरचा पूल खुला करण्यात आला. दिवसभराच्या सहली येऊन परत जातात त्या दुपारी. त्यामुळे पुलाच्या अलीकडच्या वस्तीत एक रात्र काढावी, मठ सकाळी उघडताच पाहावा आणि भरतीच्या दोन तास आधी तटावर किंवा मठासमोरच्या गच्चीवर जागा धरावी. वर जाण्यासाठी साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ज्यांनी सज्जनगड चढला आहे त्यांना त्यांचे काही वाटणार नाही, पण गुडघे दुखणाऱ्यांनी तटावरच थांबावे, भरती तिथूनही दिसते.

ओहोटीत कोरडा दिसणारा उपसागर हा फिरण्याचा माळ नाही. त्यात रुतणारी वाळू आहे, धुके अचानक उतरते आणि पाणी मागच्या बाजूच्या ओहोळांतून आधी भरते, त्यामुळे माणूस वेढला गेल्याचे त्याला उशिरा कळते. वाळवंटातून चालायचे असेल तर परवाना असलेल्या वाटाड्याबरोबरच जावे.

सँ-मालो

एकच गाव पाहण्याइतके दिवस हाती असतील तर मी सँ-मालो सांगेन. समुद्रात घुसलेल्या खडकावर तटबंदीच्या आत वसलेले हे ग्रॅनाइटचे गाव आहे. तटावरून पूर्ण फेरी सुमारे दोन किलोमीटरची आहे, तिला पैसे लागत नाहीत आणि ती दिवसातून दोनदा, एकदा ओहोटीत व एकदा भरतीत, करावी. गाव तेच असते पण बाहेरचा देखावा पूर्ण बदललेला असतो. ऑगस्ट १९४४ मध्ये आगीत तटाच्या आतला बहुतांश भाग जळाला. पुढे गावकऱ्यांनी त्याच दगडाने, जुन्याच धाटणीने घरे पुन्हा बांधली, आणि हे माहीत नसलेला प्रवासी त्यांना अठराव्या शतकातली समजतो.

या गावाचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेणारा ला बुर्दोने १६९९ मध्ये इथे जन्मला, आणि १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचे ‘केंट’ हे मोठे जहाज आपल्या लहान जहाजाने पकडणारा रोबेर सुर्कूफ हाही इथलाच. सुर्कूफसारख्या लोकांना इंग्रज चाचे म्हणत. फ्रेंच सरकारच्या दृष्टीने मात्र ते शत्रूची जहाजे धरण्याचा लेखी परवाना असलेले सरदार होते. ज्या कान्होजी आंग्र्यांचे सरखेलपद साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी कायम केले, त्यांनाही इंग्रजांच्या कागदपत्रांत चाचाच म्हटले आहे, हे आठवून मी तटावरच्या सुर्कूफच्या पुतळ्यासमोर बराच वेळ उभा होतो.

दुपारच्या ओहोटीत ग्रां-बे बेटावर चालत जावे. तिथे लेखक शातोब्रिआँ याची १८४८ पासूनची साधी कबर आहे, तिच्यावर नावही कोरलेले नाही. पलीकडे आणखी दोन किल्ले आहेत, त्यांपैकी राष्ट्रीय किल्ला १६८९ मध्ये वोबाँ या दुर्गतज्ज्ञाच्या आराखड्यावरून उभारला गेला. वाट दगडी आणि शेवाळलेली आहे. पाणी वाटेला लागले असेल तर परत फिरण्याची धडपड करू नये, बेटावरच थांबून पुढच्या ओहोटीची वाट पाहावी. त्याला सहाएक तास लागतात, पण जीव सुखरूप राहतो.

गावाच्या दक्षिणेस रांस नदीच्या मुखावर धरणासारखा बांध आहे. १९६६ मध्ये सुरू झालेले हे भरती-ओहोटीवर चालणारे वीजकेंद्र २४ यंत्रांतून २४० मेगावॅट वीज देते. कोयनेच्या तुलनेत हा आकडा लहान आहे, परंतु कोयनेला पावसाळ्याची वाट पाहावी लागते आणि इथे समुद्र दिवसातून दोनदा धरण भरतो, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यातील माणसाला उभे राहून पाहावीशी वाटतेच.

जेवण

शाकाहारी माणसाची या भागात उपासमार होत नाही, पण त्याला विचारावे लागते. ब्रिटनीत कुट्टूच्या पिठाचे मोठे घावन करतात, त्याला गालेत म्हणतात. त्यातील ‘कोंप्लेत’ नावाच्या प्रकारात चीज आणि अंड्याबरोबर डुकराचे मांस असते, म्हणून ‘सां जांबों’, म्हणजे डुकराच्या मांसाशिवाय, असे स्पष्ट सांगावे. चीज, मशरूम किंवा पालक घातलेले गालेत बहुतेक ठिकाणी मिळते. नॉर्मंडीत दूध, तांदूळ, साखर आणि दालचिनी भट्टीत कित्येक तास मुरवून तर्गूल नावाची खीर करतात, तिच्यावरची तपकिरी साय आपल्याला ओळखीची वाटते. कामांबेर हे तिथले प्रसिद्ध चीज परंपरेने वासराच्या पोटातील द्रव्याने विरजलेले असते, त्यामुळे कडक शाकाहारी लोकांनी ते टाळावे. हॉटेले दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सातनंतरच जेवण देतात. तीन वाजता पोचणाऱ्याला बेकरीचाच आधार. कोणत्याही दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणावे आणि मग काय हवे ते सांगावे. हा नमस्कार चुकला तर समोरचा माणूस तुटकपणे बोलतो.

उत्तरेचे आणखी दोन दिवस

ज्यांच्या घरात किंवा गावात सैन्याची परंपरा आहे, आणि सातारा जिल्ह्यात अशी घरे पुष्कळ आहेत, त्यांनी आणखी दोन दिवस काढून उत्तरेकडील बुलोन बंदर पाहावे. तेराव्या शतकातील तटाच्या आत जुने गाव आहे, खाली फ्रान्समधले सर्वांत मोठे मासेमारी बंदर आहे, आणि शेजारच्या सँ-मार्तें वस्तीत मेरठ मिलिटरी सेमेटरी नावाची दफनभूमी आहे. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन इथल्या रुग्णालयांत मरण पावलेल्या हिंदी सैनिकांच्या कबरी तिथे आहेत आणि ज्यांचे दहन झाले त्यांची नावेही आहेत.

तिथून आत, बेथ्यूनजवळ नव्ह शापेल या खेड्यात मार्च १९१५ मध्ये हिंदी पलटणी लढल्या. १९२७ मध्ये उभारलेल्या तिथल्या गोलाकार स्मारकाच्या मध्ये १५ मीटर उंचीचा स्तंभ आहे, त्याच्या शिरावर कमळ आहे, आणि कबर न सापडलेल्या ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची व कामगारांची नावे भिंतीवर पलटणीनुसार कोरलेली आहेत. आपशिंगे मिलिटरी गावातील महायुद्धाचा स्तंभ ज्यांनी पाहिला आहे त्यांना इथे कोणी ओळख करून देण्याची गरज नाही. रेल्वेने बेथ्यूनपर्यंत जाऊन पुढे टॅक्सी करावी लागते आणि ती परत येईपर्यंत थांबायला सांगावी, कारण खेड्यात दुसरी टॅक्सी मिळत नाही. घरातील कोणाचे नाव शोधायचे असेल तर निघण्यापूर्वी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव आणि पलटण घालून पाहावे. स्मारकावरील फलकाचा क्रमांक तिथे मिळतो, तो कागदावर लिहून जवळ ठेवावा. नावे इंग्रजी अक्षरांत आणि त्या काळच्या लेखनाप्रमाणे नोंदलेली आहेत, तेव्हा एकच आडनाव तीन-चार तऱ्हांनी लिहून शोधावे लागते.